मीटर आणि बल्ब

दिवा पुन्हा लागला होता. दूधवाल्याने व्हॅन गॅरेजात आणून उभी केली, किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. तिने वाकून पाहिलं. तोच पिवळा दिवा, खाली तीच ताकीद: युरिया हीटर बिघडला आहे, लवकरच इंजिन सुरू होणार नाही.

"वहिनी, हीटर तर मागच्या आठवड्यात नवा टाकलात."

"टाकला."

"राग मानू नका, पण आज झालं नाही तर मी नाक्यावरच्या गॅरेजला नेतो. गाडी बसली तर दूध काय डोक्यावरून वाटू?"

राग कसला मानायचा? त्याचं खरंच होतं. डिझेलच्या धुरातलं विष मारायला या गाड्यांना युरियाचं पाणी लागतं. थंडीत ते गोठतं, म्हणून टाकीत हीटर. तो चालला नाही की गाडीचा कॉम्प्युटर आधी कुरकुर करतो आणि मग सरळ संप पुकारतो. नवरा वारल्यापासून बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून नाक्याकडे वळली होती, तीही न सांगता. हा निदान सांगून तरी चालला होता. हा गेला की शटर खाली ओढायचं, एवढंच काम तिला उरणार होतं.

तिने फ्यूज पाहिला. ठीक होता. हीटरला वीज सोडणारा रिले बदलून पाहिला. तोही ठीक. पुढचं काम खरं तर दोन माणसांचं. एकाने आत बसून गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवरून हीटर सुरू करायचा, दुसऱ्याने गाडीखाली पडून हीटरपासून सोडवलेल्या प्लगला व्होल्ट मोजायचा मीटर लावायचा. ती आत चढायची, बटण दाबायची, उतरून खाली सरपटायची. तोवर हीटर आपोआप बंद झालेला असायचा.

"मी दाबू का?" स्टुलावर चहा घेऊन बसलेल्या दूधवाल्याने विचारलं.

"नको."

आतून "करंट दिला गं!" असं ओरडणारा एकच होता, तिचा नवरा. दुसऱ्या कुणाची हाक तिला ऐकायची नव्हती.

अखेर एकदाचं जमलं. मीटरने बारा व्होल्ट दाखवले, अगदी भरपूर. मागच्या वेळीही हेच दाखवले होते. वायरीतून वीज येतेय म्हणजे दोष हीटरचा, असं धरून तिने हीटर बदलला होता. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाजूच्या खिळ्याला नवऱ्याचा बल्ब लटकत होता. हेडलाइटचा जुना बल्ब, त्याला दोन वायरी जोडलेल्या. या बल्बावरून दोघांची संसारभर भांडणं. तो म्हणायचा, मीटर वायरीला नुसतं विचारतो, ती हो म्हणते. तिच्यावर ओझं टाकून बघ, मग कळेल. ती म्हणायची, मग एवढा महागाचा मीटर घेतला तो काय शोभेला? त्या बल्बाला तिने जन्मात हात लावला नव्हता.

आज लावला. तोंड वाकडं करूनच लावला. दोन टोकं हीटरच्या प्लगमध्ये खोचली, आत चढून बटण दाबलं आणि उतरून गाडीखाली पाहिलं. बल्बातली तार जेमतेम तांबूस झाली होती. बारा व्होल्ट येत होते म्हणे, आणि बल्ब पेटत नव्हता.

मग तिने वायर बोटांनी चाचपत नेली. टाकीजवळच्या क्लिपपाशी ती मऊ लागली. वरच्या पाइपातून युरिया थेंबथेंब गळून आत मुरला होता. आवरण वरून शाबूत दिसत होतं. सोललं तर आत हिरवा भुगा आणि त्यात तांब्याची एकच तार जिवंत. मीटरपुरती वीज तिच्यातून जात होती. हीटरपुरती कुठून जाणार?

तिने कुजका तुकडा कापला, नवी वायर जोडली, पाइपची गळती थांबवली. पुन्हा बटण दाबलं. गाडीखाली लख्ख उजेड पडला.

ती थांबली. पक्कड हातात तशीच, मान जराशी आत ओढलेली. अशा वेळी मागून हमखास यायचं, "मी सांगत नव्हतो?" त्या वाक्याचा तिला मनस्वी राग यायचा. "कळलं हो, शहाणे!" हे तिचं उत्तरही ठरलेलं. ते आत्ता ओठांवर आलंसुद्धा. मागून फक्त चहाचा भुरका ऐकू आला, आणि तिला फार एकटं वाटलं.

तिने हीटरचा प्लग जोडला, स्कॅनरवरून जुनी तक्रार पुसली. दूधवाल्याने किल्ली फिरवली.

"गेला की हो दिवा! आता नाक्यावर कशाला मरायला जातोय मी?" तो खूश होऊन खाली उतरला. "वहिनी, तोंड का पाडलंय? जिंकलात की!"

तिने बल्ब उचलला. तो अजून गरम होता, फडक्यात धरावा लागला.

"कुठलं जिंकते! संसारभराचं भांडण आज हरले मी," ती म्हणाली. "आणि जिंकणारा ऐकायला थांबला नाही."