शून्य लेख

वर्षभराची लेक रांगतच नव्हती, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकायची. आईच्या जिवाला घोर लागला. लेकीला शेजारी फरशीवर बसवून वाचनालयातल्या लेखांच्या डेटाबेसमध्ये तिने सगळं गाऱ्हाणंच टाइप केलं: ‘माझं बाळ रांगत नाही, बसून सरकतं, सासूबाई काळजीत आहेत, कृपया सांगा.’ उत्तर आलं: शून्य लेख. तिने घाबरून मान वर केली. “म्हणजे जगात असं दुसरं मूलच नाही?” ग्रंथपालबाई हसल्या. “अगं, हे सगळे शब्द असलेला लेख तुझ्या सासूबाईंनीच लिहायला हवा! कामापुरतेच ठेव.” तिने ‘माझं’ आणि ‘कृपया सांगा’ खोडलं, काळजी खोडली, सासूबाईंनाही काढलं. उरलं ‘बाळ रांगत नाही, बसून सरकतं’. स्क्रीन लेखांनी भरला: कित्येक बाळं रांगतच नाहीत, अशीच सरकतात आणि थेट चालू लागतात! एवढ्यात लेक सरकत सरकत कपाटाआड पसार झाली. एरवी धावत जाऊन उचलणारी आई फरशीवर बसली आणि तिच्यामागे सरकत निघाली.