दाब उतरला

ढब्बू कुत्रा भूल घेऊन गाढ झोपला होता. रक्ताचा दाब मोजायला डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात सरकवली, तिथून फुप्फुसाकडे नेली. काचेबाहेर नवरा-बायको जीव मुठीत धरून बसले होते. वेगळे झाल्यापासून दोघं पहिल्यांदाच एका बाकावर होते.

बाई हसतच बाहेर आल्या. "हृदयातला दाब उतरलाय, फुप्फुसातलाही! औषध लागू पडलं. फक्त आता जिने चढू देऊ नका."

चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या नवऱ्याचा चेहरा पडला.

"माझं घर तळमजल्यावर आहे, राहील माझ्याकडे," बायको म्हणाली.

"अगं, पण त्याला माझ्याशिवाय झोप लागत नाही."

"मग तूही ये," ती डोळे पुसत हसली. "मलाही लागत नाही."