चारही एकाच वेळी

“एक स्क्रीन कमी केला तर पुष्कळ पैसे वाचतील, काका,” दुकानदार म्हणाला. “ट्रेडिंगवाले बरेच जण दोनवर भागवतात.”

“चारच हवेत.”

म्हाताऱ्याने वहीत पाहिलं. जमीनमोजणी खात्यात त्याची हयात गेली होती; वहीतल्या रेघासुद्धा पट्टी धरून मारलेल्या. आठवड्यातली ही त्याची तिसरी खेप.

“एकामागून एक पाहिलं की नजर फसते,” तो म्हणाला. “चारही एकाच वेळी दिसायला हवेत. आणि मधे अडखळायला नको.”

दुकानदाराला हसू आलं. शेअर बाजाराचा नाद लागलेली माणसं त्याने कमी पाहिली नव्हती. ऐपत नसताना महागडं मशीन न्यायचं आणि सहा महिन्यांत तेच विकायला आणायचं. हा म्हातारा त्यातला नव्हता. प्रत्येक गोष्ट विचारून, ताडून पाहून मगच वहीत टिपायचा. अशा गिऱ्हाइकाच्या गळ्यात काहीबाही मारणं जिवावर येतं. आणि दुकानदार तसाही त्यातला नव्हता. बाजारात त्याच्या शब्दाला किंमत होती.

त्याने कागद पुढे ओढला. “हे बघा. प्रोसेसर मधला घ्या, तुम्हाला काही गेम खेळायचे नाहीत. पैसा घालायचा तो या ग्राफिक्स कार्डात, कारण चारही स्क्रीन त्यालाच जोडायचे. वीज गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून यूपीएस. तो नवाच घ्या, त्यात काटकसर नको. स्क्रीन मात्र जुने देतो. एक ऑफिस बंद झालं, तिथले आहेत. चारही एकसारखे, कुठे डाग नाही.”

“मागचं साठवता येईल? वर्षभरापूर्वीचं?”

“दहा वर्षांचं साठवा की.”

“वर्षाचं पुरे.”

बेरीज म्हाताऱ्याच्या वहीतल्या आकड्यापेक्षा थोडी वर गेली. तो घासाघीस करेल म्हणून दुकानदार थांबला, पण म्हातारा काचेमागच्या केबल्सकडे पाहत राहिला.

“मुलगा असता तर त्यानेच निवडलं असतं. तो करायचा हे ट्रेडिंग.”

“कुठे असतात ते?”

“गेल्या वर्षी गेला.”

“आजारी होते?”

“नाही.”

बेरजेवर काट मारून दुकानदाराने खाली म्हाताऱ्याच्या वहीतला आकडा लिहिला. का, ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं.

“घरी आणून जोडून द्याल ना?”

“टेम्पोतून पाठवतो. त्याचं भाडं तेवढं तुमच्याकडे.”

“भाड्याला काही उरत नाही हो. दुकानाची गाडी असेलच की.”

दुकानदार काउंटरवरचे स्क्रू डबीत भरू लागला. “आहे. पण हल्ली मी चालवत नाही. पाठ धरते.”

“मग राहू द्या. दुसरीकडे बघतो.” म्हाताऱ्याने वही मिटली. आवाजात राग नव्हता. तो दारापर्यंत गेला.

दुकानात दोन दिवसांत दुसरं गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

“थांबा, काका. रविवारी सकाळी आणतो.”

रविवारी मागच्या अंगणातल्या गाडीवरची ताडपत्री त्याने आणि बायकोने मिळून काढली. आत कोळ्यांनी संसार थाटला होता.

“निघाली एकदाची बाहेर,” बायको म्हणाली. “मी केव्हाची सांगतेय, चालवा नाहीतर विकून टाका.”

“बघू.”

बॅटरी उतरली होती, धक्का मारावा लागला. सगळा रस्ता त्याने दुसऱ्या गिअरमध्ये काटला. मागचे हॉर्न वाजवत होते. एकेकाला वाट देत तो कडेकडेने गेला.

म्हातारा दारातच उभा होता. खिडकीत त्याची बायको होती. तिने दुकानदाराकडे पाहिलंच नाही. ती गाडीकडे पाहत होती, आणि शेवटचा खोका आत जाईपर्यंत पाहत राहिली.

आतल्या खोलीत टेबल आणि एक खुर्ची, बाकी काही नाही. दुकानदार कामाला लागला. तो मागेल ती वायर म्हातारा त्याच्या हातात देत होता.

“पाठ कशी आहे?”

“आहे तशीच.”

“कधीपासून?”

“झालं वर्ष.”

“कशानं धरली?”

दुकानदार टेबलाखाली प्लग लावत होता. “काही विशेष नाही,” तो तिथूनच म्हणाला.

“डॉक्टरांना दाखवलं?”

“नाही.”

“दाखवायला हवं होतं. कधी कधी तासाभराचा उशीरही फार होतो.”

म्हातारी पाणी घेऊन आली. पेला तिने त्याच्या हातात दिला नाही, टेबलाच्या कडेला ठेवला आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

अकराच्या सुमारास चारही स्क्रीन उजळले. एकसारखा निळा रंग, कुठे थरथर नाही. इतक्या वर्षांनंतरही या क्षणी त्याला बरं वाटायचं. हातांची धूळ पुसत तो खुर्चीत बसला.

“आता तुमचं अकाउंट उघडा, काका. चार्ट कसे लावायचे ते दाखवतो.”

“ते मला येत नाही,” म्हातारा म्हणाला. वहीच्या पानांतून त्याने एक पेनड्राइव्ह काढला. “आधी हे लावा. चार फायली आहेत, नंबर टाकलेत. एकेक, त्याच क्रमाने.”

म्हातारीने दार लोटून घेतलं.

दुकानदाराने फायली उघडल्या. चारही स्क्रीनवर एकच रस्ता होता, एकाच संध्याकाळचा, चार दुकानांच्या कॅमेऱ्यांनी टिपलेला. पहिल्यात त्याची गाडी होती. दुसऱ्यातही. तिसऱ्यात तिच्यापुढे एक सायकल चालली होती. चौथ्यात गाडी एकटीच होती, आणि तिचा डावीकडचा दिवा फुटलेला होता.