शांत तळ्यातला धक्का

सिनेमाबरोबर हलणाऱ्या खुर्चीचं पेटंट कुणाचं, यावरून दाजी आणि त्यांचा धाकटा मेहुणा कोर्टात उभे होते. न्यायाधीश दोघांच्याही खुर्च्यांत आळीपाळीनं बसून बघत होते. पडद्यावर शांत तळं होतं, तरी दोन्ही खुर्च्यांनी तिथेच सारखाच धक्का दिला.

"चूक माझीच आहे," दाजी म्हणाले. "सिनेमा बघत दांड्यानं खुर्चीच्या हालचाली नोंदवत होतो, मध्येच फोन आला, हात हलला. यानं चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली!"

"बाकी सगळं सुधारलंत, मग हा धक्का का ठेवलात?" न्यायाधीशांनी मेहुण्याला विचारलं.

"तो फोन मीच केला होता, साहेब. दवाखान्यातून. ताई गेली हे सांगायला." मेहुणा खुर्चीकडे बघत राहिला. "तिच्यासाठी दाजी हलले ते तेवढेच. ते कसं पुसू?"