चवथ पार पडली

डिचोलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या सिपोरामावशी ज्यू. नव्वदी ओलांडलेली, मुलं इस्रायलला. पण "माझी माणसं इथं आहेत" म्हणून त्या कधी गेल्या नाहीत. आमच्या घरातलं एकही बाळंतपण, एकही आजारपण त्यांच्याशिवाय निभावलं नाही. ऐन चवथीच्या तोंडावर त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, "आज-उद्याचंच समजा."

मावशी मात्र हटून राहिल्या. आमचे गणपती बसले. मी दिसले की विचारायच्या, "गणपतीवरची फळांची माटोळी नीट बांधली गे? नेवऱ्या भरपूर कर, पोरं आलीत." खुर्चीवर बसवून दर्शनाला नेते म्हटलं, तर माझा हात झटकला. "तुझा पाहुणा, तू बघ. माझ्यापाशी कशाला बसतेस?"

विसर्जन झालं तशी मी प्रसाद घेऊन त्यांच्याकडे धावले.

"गेले गणपती?"

"गेले, मावशी."

"आरत्या, जेवणं, सगळं रीतसर झालं?"

"सगळं झालं."

त्यांनी डोळे मिटले. "मग आता मी जायला मोकळी. मधेच गेले असते, तर पोरांची चवथ मोडली असती. भटजी काहीही म्हणोत, तू माझं सुतक पाळलंच असतंस."