अनसेच्या हातचा बुक्का

निजामाच्या असेंब्लीत मेंबर झाल्यावर चंद्रभागाबाई पहिल्यांदाच आपल्या गावी, चिटगुप्प्याला कीर्तनाला आल्या. हैदराबादेहून मोटारीत येताना मनात एकच होतं, मैत्रिणीच्या, अनसेच्या हातचा बुक्का. विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं, पण विठोबाचा बुक्का कुणाचंच कपाळ चुकवत नाही.

देवळात त्यांच्यासाठी तहसीलदाराशेजारी खुर्ची मांडली होती. ती सोडून त्या बायकांत भुईवर बसल्या. बायका अंग चोरून सरकल्या.

"भुईवर कामून बसलाव, बाईसाहेब?" अनसाबाईनं विचारलं.

"बाईसाहेब काय म्हणायलीस, अनसे? मी तुजी चंद्रीच हाय की!"

"तवाचं येगळं होतं. आता तुमी सरकारात बसायलाव."

अभंग रंगला, टाळ थांबले. अनसाबाई बुक्क्याची वाटी घेऊन ओळीनं एकेकीच्या कपाळी बोट टेकवत आली. चंद्रभागाबाईंनी डोळे मिटून मान पुढं केली.

"घ्या, तुमीच लावा," दोन्ही हातांनी वाटी पुढं धरून अनसाबाई म्हणाली. "तुमच्या कपाळाला आमचा हात कसा लावावा?"

चंद्रभागाबाईंनी आपल्याच बोटानं बुक्का लावला. नवरा गेल्यापासून त्यांच्या कपाळाला दुसऱ्या माणसाचा हात लागायचा, तो फक्त या बुक्क्याच्या वेळी.