वेदनापट्टा

एक पट्टा रुग्णाच्या मनगटावर आणि एक डॉक्टरांच्या मनगटावर बांधला, की रुग्णाची कळ डॉक्टरांना जशीच्या तशी जाणवायची. गुडघेदुखीलाही डॉक्टर सबनीस तो बांधून घेत. अंबादास घोलपची तक्रार ऐकल्यावर मात्र त्यांनी तो खणातून काढलाच नाही.

"गोळ्या चालू ठेवा. दोन्ही वृषणं काढायची म्हणजे चेष्टा आहे का? उद्या पुरुष म्हणून तोंड कसं दाखवाल?"

सहा वर्षं तिथं कळ होती. तिच्यापायी अंबादासची नोकरी सुटली, लेकीला मांडीवर घेणंही सुटलं. त्याची बायको सुमती ताडकन उठली. "आम्हा दोघांना चालतंय. तुम्हाला का चालत नाही?"

डॉक्टर हसले.

अंबादासचं डोकंच फिरलं. त्यानं खण ओढला, एक पट्टा स्वतःला बांधला आणि दुसरा डॉक्टरांच्या मनगटावर आवळला.

डॉक्टर गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर कोसळले. "काढा! आधी काढा ते!"

"सहा वर्षं मी दुसरं काय सांगतोय?" अंबादास ओरडला. तीच कळ सोसत तो उभा होता.

मग त्यानं पट्टा सोडला. शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टरांनी जमिनीवर बसूनच दिली.